टीमला थँक्यू म्हणायचं, पण नीट कसं म्हणायचं?

मी नवीन नवीन टीम लीड झाले तेव्हा माझ्या टीममधली एक मुलगी नोकरी सोडून गेली आणि जाताना शेवटच्या मीटिंगमध्ये मला म्हणाली, "दोन वर्षं रोज अर्धा तास लवकर येऊन मी सगळे रिपोर्ट तपासत होते, तुम्हाला माहीत तरी होतं का?" मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं रिपोर्ट बरोबरच येतात. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि आता इतक्या वर्षांनी मला एवढं नक्की कळलंय की आभार मानण्यातला अवघड भाग बोलण्याचा नाहीच, बघण्याचा आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

पायरी १: आधी दिसू द्या

दर शुक्रवारी पंधरा मिनिटं कॅलेंडरमध्ये ब्लॉक करा. एका वहीत टीममधल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि त्यापुढे त्या माणसाने या आठवड्यात केलेली एक गोष्ट, एकच, पण नेमकी. "मेहनत घेतली" असं नाही चालणार, "नवीन मुलाला सिस्टम शिकवायला स्वतःचे दोन तास दिले" असं पाहिजे.

पहिल्या आठवड्यात काही नावांपुढे जागा रिकामी राहील. लगेच असं समजू नका की त्या माणसाने काही केलं नाही, बहुतेक वेळा आपणच तिकडे बघितलेलं नसतं. ज्यांचं काम चोख असतं त्यांचं काम दिसतच नाही ना, कारण काही बिघडतच नाही! रात्री सर्व्हर सांभाळणारा, मीटिंगचे मुद्दे लिहून सगळ्यांना पाठवणारी, चिडलेल्या ग्राहकाला शांत करून फोन ठेवणारा, ही माणसं कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये येत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे दोघांच्याच मीटिंगमध्ये, प्रत्येकाला विचारायचं, "या आठवड्यात तुला कोणाची मदत झाली?" मला तर निम्म्या गोष्टी अशाच कळतात.

डग कोनंट २००१ ते २०११ कॅम्पबेल सूप कंपनीचे सीईओ होते, त्या काळात त्यांनी कर्मचाऱ्यांना हाताने लिहिलेल्या तीस हजारांच्या आसपास चिठ्ठ्या पाठवल्या. आकडा ऐकून आपण थक्क होतो, पण मला त्यातलं जास्त महत्त्वाचं हे वाटतं की कंपनीत कोणी काय चांगलं केलंय हे शोधून काढायला त्यांनी मदतीला माणसं ठेवली होती. म्हणजे चिठ्ठी नंतर, शोध आधी.

पायरी २: काय केलं आणि त्याने काय झालं, दोन्ही सांगा

"ग्रेट जॉब टीम" हा मेसेज ग्रुपवर टाकला की दहा अंगठे येतात आणि विषय संपतो, कोणालाच तो आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. त्याऐवजी असं बोला: "काल कॉलच्या आधी तू आकडे परत तपासलेस म्हणून ती चूक सापडली, नाहीतर मी क्लायंटसमोर चुकीची रक्कम सांगितली असती. तुझं दुसरं काम बाजूला ठेवून केलंस हे पण मला माहितीये." काय केलं, त्यासाठी त्याला काय बाजूला ठेवावं लागलं आणि कोणाचं काय वाचलं, या तीन गोष्टी आल्या की बास.

याचा परिणाम किती होतो त्यावर ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांचा २०१० मध्ये आलेला एक अभ्यास आहे. एका विद्यापीठासाठी देणग्या गोळा करायला फोन करणारे लोक होते, त्यातल्या एका गटाला त्या विभागाच्या संचालकांनी येऊन प्रत्यक्ष थँक्यू म्हटलं, दुसऱ्या गटाला नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटाचे फोन साधारण ५० टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे होते तेवढेच राहिले. का वाढले? तर आपल्या कामाची कोणाला तरी किंमत आहे ही जाणीव. पण कृपा करून फोन वाढवायला थँक्यू म्हणायला जाऊ नका, माणसांना ते दुसऱ्याच वेळी कळतं.

पायरी ३: लाज बाजूला ठेवा, उशीर झाला असला तरी

"असं तोंडावर बोलणं विचित्र वाटेल", "तिला वाटेल आज काय झालं यांना". हे सगळ्यांना वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं की आभाराचं पत्र लिहिणारे लोक समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज जास्त धरतात आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी. मी त्या रिपोर्टवाल्या मुलीला तीन वर्षांनी मेसेज केला, चार ओळींचा, टाइप करून दोनदा पुसला होता. तिचा रिप्लाय माझ्या मेसेजपेक्षा मोठा होता.

एक मात्र आहे, सगळ्यांना चारचौघात कौतुक आवडत नाही. काही जण मीटिंगमध्ये नाव घेतलं की खाली बघतात. सरळ विचारून घ्या, नाहीतर अशांना दोन ओळींचा मेल पुरे.

पायरी ४: थँक्यूच्या शेपटीला काम बांधू नका

"खूप छान केलंस, आता जरा हे पण बघशील का?" झालं, पहिलं वाक्य वाया गेलं. "छान झालं, पण..." चंही तेच. सुधारणा सांगायची असेल तर जरूर सांगा, वेगळ्या वेळी सांगा. आभार मानले की गप्प बसा, समोरचा "त्यात काय एवढं" म्हणाला तरी.

पायरी ५: नाव वरपर्यंत पोचवा

वरिष्ठांना मेल पाठवताना "टीमने केलं" असं न लिहिता कोणी काय केलं ते नावासकट लिहा आणि त्या माणसाला सीसीमध्ये ठेवा. पेप्सिकोच्या सीईओ असताना इंद्रा नूयी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांच्या आईवडिलांना पत्र लिहायच्या, तुमचा मुलगा किंवा मुलगी इथे काय काम करते ते सांगून आभार मानायच्या. प्रत्येकाने घरी पत्र पाठवावं असं मी म्हणत नाही, काहींना ते नको असेल. पण आपलं चांगलं काम आपल्या पाठीमागे कोणीतरी दुसऱ्याला सांगितलं, हे कळल्यावर माणसाला जे वाटतं ते समोरच्या स्तुतीने नाही वाटत.

आणि हे विसरू नका

कोणी लागोपाठ तीन शनिवार-रविवार काम करत असेल तर त्याला थँक्यू पुरेसं नाही. त्याची सुट्टी भरून द्या, कामाला अजून एक माणूस मागा, पगारवाढीच्या वेळी वहीतली ती पानं काढून त्याची बाजू मांडा. मी शुक्रवारची वही त्यासाठीच वर्षभर जपून ठेवते, अप्रेझलच्या मीटिंगला तीच घेऊन जाते.