बेस गिटारची घरघर: आधी तारांना हात लावून पाहा

अँप चालू ठेवून तारांना हात लावा. घरघर कमी झाली, तर ब्रिजची (तारा जिच्यावर टेकतात त्या धातूच्या पट्टीची) ग्राउंड वायर शाबूत आहे, उणीव शील्डिंगची, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाची आहे. काहीच फरक पडला नाही, तर ती वायर तुटली असण्याची शक्यता जास्त. आधी तीच तपासा.

शील्डिंगसाठी गिटारच्या आत वायरिंग असलेल्या पोकळीत तांब्याची टेप लावा. टेपचे सांधे सोल्डरने जोडा, कारण टेपच्या साध्या गोंदातून वीज वाहत नाही. मग टेप ग्राउंडला जोडून मल्टीमीटरने खात्री करा. जॅकचं ‘हॉट’ (सिग्नल वाहून नेणारं) टोक टेपला टेकता कामा नये, नाहीतर आवाजच बंद!

सिंगल-कॉइल पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाची) ५० किंवा ६० हर्ट्झची चुंबकीय गुणगुण मात्र टेपने जात नाही. अँपच्या प्लगची अर्थिंग कधीही काढू नका, त्यात जिवाला धोका आहे.