तलंगांची टोचाटोची कशी थांबली

तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, विक्रीला यायच्या सुमारास त्यांच्या शेपट्या बोडक्या व्हायला लागल्या. उवा-गोचीड तपासले, काही नव्हतं. त्या एकमेकींची पिसं उपटत होत्या. शेपटीच्या मुळाशी रक्ताचा एक थेंब दिसला की सगळा कळप तिथेच तुटून पडायचा. असली कोंबडी गिऱ्हाईक उचलून बघतं आणि गुपचूप खाली ठेवतं.

चोच कापा, हा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. टोचण्याचं कारण त्याने जात नाही. आधी जखमी तलंगा वेगळ्या काढल्या. खुराड्यातला बल्ब मंद केला आणि खाद्याचं दुसरं भांडं लांबच्या कोपऱ्यात ठेवलं, म्हणजे दांडगट कोंबडीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. पीस म्हणजे बहुतांशी प्रथिनच, त्यामुळे नुसत्या दाण्याऐवजी १६ टक्के प्रथिनांचं ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं) खाद्य सुरू केलं. सगळ्यात गुण आला तो पालेभाजीच्या जुडीने! डोक्याच्या जरा वर टांगली की उड्या मारून टोचण्यात त्यांचा वेळ जातो.

नवी पिसं फुटेपर्यंत विक्री थांबवली. आता १६ ते १८ आठवड्यांच्या, अंडी सुरू व्हायच्या आधीच विकतो. सोबत चालू खाद्याची पिशवी देतो आणि अंधार पडल्यावर खुराड्यात सोडा, असं सांगतो. लेअर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) खाद्य मात्र अंड्यावर येईपर्यंत नको, त्यातलं जादा कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना बाधतं.