गोळ्यांची पट्टी तारखेच्या टोकाकडून फोडू नका

मिरगापासून चवथीपर्यंत गोव्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग गोळ्या कशा सुटतील! त्यात पट्टी कापत गेलो की तारखेचा तुकडाच आधी कचऱ्यात जातो.

१. आधी तारखेचे टोक शोधा आणि गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढायला घ्या. ०८/२०२७ छापले असेल तर ३१ ऑगस्टपर्यंत चालते.

२. पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. न्हाणीघर, गॅसजवळची फळी, फ्रिजचा माथा नको. गाडीत तर मुळीच नको: बऱ्याच पट्ट्यांवर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते आणि उन्हात उभी गाडी त्याच्या कितीतरी वर तापते. फ्रिजमध्येही लेबलवर तसे लिहिले असेल तरच, नाहीतर काढघाल करताना गोळीला ओल धरते.

३. वारांच्या कप्प्यांची डबी सोयीची खरी, पण पावसाळ्यात आठवड्यापुरत्याच गोळ्या सोला.

डाग पडलेली, मऊ झालेली गोळी, किंवा व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारी अ‍ॅस्पिरिन तारीख शिल्लक असली तरी घेऊ नका.