कात्री लावण्याआधी कापड ओढून बघा

मशीनवर सरळ टीप मारता येते आणि उरेब पट्टी (कापड तिरकं कापून काढलेली पट्टी) म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं मी धरून चालते. जुन्या कपड्यांतून वापरायच्या वस्तू कशा कराव्यात याच्या कल्पना तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असतील. मी कुठे तोंडावर आपटले, तेवढं सांगते.

सुरुवातीच्या दिवसांत ओळखीतून पडद्यांचा ढीग मिळाला. जाडजूड कापड, रंग अजून ताजा. मी हरखले आणि अकरा पिशव्या शिवल्या. आत अस्तर, बंदांच्या टोकांना चौकोनी टीप आणि त्यात फुली, सगळं नीट. दोन आठवड्यांत पहिली पिशवी परत आली. बंद शाबूत, टीपही शाबूत. टिपेच्या कडेने कापडाचा चौकोनी तुकडाच निघून आला होता, पोस्टाचं तिकीट फाडावं तसा. मला वाटलं शिलाई कमी पडली. म्हणून दुरुस्त करताना त्याच जागी आणखी दोन टिपा मारल्या. हा माझा खरा मूर्खपणा. टीप म्हणजे शेवटी सुईच्या भोकांची रांग. कापडात जीव नसेल तर जितकी दाट टीप तितकं ते लवकर फाटतं. एकेक करून सात पिशव्या परत आल्या. लोक चांगले होते, हसून म्हणाले, ‘राहू दे गं.’ ते हसणं अजून आठवतं.

दोष उन्हाचा होता. वर्षानुवर्षं खिडकीत राहिलेल्या कापडाचे तंतू अतिनील किरणांनी आतून तुटत जातात. रंग पक्का असला तर वरून काहीच कळत नाही. शिवाय पडद्याच्या ज्या चुण्या खिडकीकडे येतात त्या आधी जातात आणि सावलीतल्या टिकतात. म्हणजे एकाच पडद्यात हातभर पट्टी दणकट आणि तिच्या शेजारची कुजलेली. मी एका कोपऱ्यात ओढून पाहिलं होतं. तो कोपरा नेमका सावलीतला!

म्हणून परीक्षा एका जागी करायची नाही. कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, अंगठे शेजारी शेजारी ठेवा आणि झटका देऊन बाजूला ओढा. आधी उभ्या धाग्यात, मग आडव्या. प्रत्येक वितीवर. बारीकसा ‘चर्र’ ऐकू आला की ते कापड वजनाच्या कामातून बाद. उजेडासमोरही धरा, विरलेली जागा जाळीसारखी दिसते. चादर मधोमध विरते आणि गादीखाली खोचलेल्या कडा टिकतात. पँटची बैठक आणि मांड्यांची आतली बाजू जाते, पोटऱ्यांवरचं कापड बहुधा चांगलं निघतं. शर्टाचे कोपर आणि कॉलरची घडी सोडा, पाठ घ्या. विरलेलं टाकूनही द्यायचं नाही. पायपुसण्याच्या पोटात भरा, किंवा मजबूत कापडावर ठेवून ३ ते ३.५ मिलिमीटरची लांब टीप घाला.

गरम भांडी धरायचे रुमाल करत असाल तर एक धागा जाळून बघितल्याशिवाय शिवू नका. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. आकसून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर किंवा त्याच्यासारखा कृत्रिम धागा. पॉलिस्टर साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं, आणि तापलेला तवा तिथवर सहज जातो. याबाबत कोणाचंही ऐकू नका, माझंसुद्धा, जाळून बघा.

ग्लू गनने वेळ वाचतो असं सांगणारे भेटतील. फोटोपुरता वाचतो. दोन धुण्यांत चिकटवलेली कड उघडते आणि वाळलेल्या गोंदाच्या थरातून सुईही धड जात नाही. ज्यांना वस्तू विकायच्यात त्यांनी ती गन ड्रॉवरमध्ये ठेवावी, किल्ली हरवावी.

गुरूबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. मी ज्या वर्गात शिकले तिथे सगळ्याचं कौतुक व्हायचं. माझ्या त्या पिशव्यांचंही झालं. खरं शिकवलं ते कपडे दुरुस्त करणाऱ्या एका शिंप्याने. त्याने पिशवी उलटी केली, अस्तर उसवलं आणि नखाने कापड फाडून दाखवलं. बोलला काही नाही. नवे कपडे शिवणाऱ्यापेक्षा फाटलेलं शिवणाऱ्याकडे बसा. वस्तू कुठे मरते ते त्याला रोज दिसतं.

घाबरू नका मात्र. पहिल्या दहा वस्तू वाईटच होतात, माझ्या तर वीस झाल्या. एक जुनी जीन्स आणि एक उशीचा अभ्रा एवढ्यावर सुरू करा. जीन्सला १६ नंबरची सुई लावा आणि जाड शिवणीवर चाक हाताने फिरवा. लोकांकडे कापड मात्र मागू नका. एकदा मागितलं की गाठोडी येतच राहतात आणि नाही म्हणता येत नाही. आजही एक दारात येऊन पडलंय. सगळ्यात वर पडदे आहेत.