घरगुती ॲम्प्लिफायरमधली घरघर: इनपुट-आउटपुटचे ग्राउंड नेमके कुठे जोडायचे

टेबलावर शांत वाजणारा ॲम्प्लिफायर कॅबिनेटमध्ये बसवला की घरघरायला लागतो. आयसी बदलून काही होत नाही, कारण चूक बहुधा ग्राउंडच्या, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामायिक परतीच्या, वायरिंगमध्ये असते. उदाहरणाला एलएम १८७५ या आयसीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेऊ: १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज रेक्टिफायर, प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर.

ब्रिजमधून कपॅसिटर सलग भरत नाहीत. सेकंदाला १०० वेळा, काही अँपिअरचे झटके बसतात. १० मिलिओहमच्या वायरमधून ५ अँपिअर गेले तर तिच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटचा ग्राउंड त्याच वायरवर असेल तर हा फरक सुमारे २० पट होऊन स्पीकरवर येतो.

म्हणून ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (मधली, ० ची वायर) थेट दोन कपॅसिटरच्या जोडावर आणा आणि तिथे दुसरे काहीही जोडू नका. त्या जोडातून एक जाड, आखूड वायर काढून तिच्या टोकाला स्टार पॉइंट, म्हणजे सगळे ग्राउंड एकत्र येण्याची जागा, करा. दोन्ही बोर्डांचे पॉवर ग्राउंड आणि दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी स्वतंत्रपणे इथेच येतात. आउटपुटवरच्या १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडच्या जोडीचा परतीचा मार्गही पॉवर ग्राउंडलाच द्या, इनपुटच्या ग्राउंडला कधीच नाही.

इनपुटचे आरसीए सॉकेट प्लास्टिकच्या वॉशरने कॅबिनेटपासून अलग बसवा. शिल्डेड वायरची जाळी सॉकेटपासून व्हॉल्यूम कंट्रोलमार्गे बोर्डाच्या इनपुट ग्राउंडपर्यंत न्या. फीडबॅकची (आउटपुटचा काही भाग आयसीच्या इनपुटला परत देणाऱ्या जोडणीची) १ किलोओहमची फांदी जिथे ग्राउंडला उतरते ती जागाही हीच हवी. तयार बोर्डांमध्ये नेमकी इथे गफलत असते. इनपुट ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड बोर्डावर १० ओहमने जोडा. डाव्या-उजव्या चॅनेलच्या इनपुट वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, मधली मोकळी जागा चुंबकीय घरघर पकडते.

मेन्सची हिरवी अर्थिंग वायर मात्र थेट कॅबिनेटला, रंग खरवडून, बोल्टने घट्ट बसवायची. घरघर थांबवायला ती काढणे म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेल्यावर कॅबिनेटवर २३० व्होल्ट येऊ देणे. त्याऐवजी स्टार पॉइंट आणि कॅबिनेट यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३५ अँपिअरचा ब्रिज समांतर लावा. या ब्रिजचे प्लस-मायनस एकमेकांना जोडा. एसीची एक टांग स्टारला, दुसरी कॅबिनेटला. एलएम १८७५ ची धातूची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते, तेव्हा हीटसिंकवर अभ्रकाची चकती आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश हवेच.

टीडीए ७२९७ सारख्या ब्रिज आउटपुटच्या, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोके स्वतः चालवणाऱ्या, आयसीला स्पीकरची मायनस बाजू ग्राउंडला लावू नका. तिथे दोन्ही टोकांवर सप्लायच्या निम्मा व्होल्टेज असतो.

आता तपासणी. प्लग काढून ठेवा. मल्टिमीटरवर प्लगची मोठी पिन ते कॅबिनेट जवळजवळ शून्य ओहम आणि स्टार पॉइंट ते कॅबिनेट सुमारे १० ओहम दिसायला हवे. १० पेक्षा बरेच कमी आले तर एखादे सॉकेट कॅबिनेटला टेकले आहे. मग इनपुट शॉर्ट करून (सॉकेटची सिग्नल पिन त्याच्या ग्राउंडला जोडून) ॲम्प्लिफायर चालू करा. तरीही १०० हर्ट्झची कर्कश घरघर असेल तर सेंटर टॅप ते स्टारचा भाग पुन्हा पाहा. ५० हर्ट्झची मऊ घरघर ट्रान्सफॉर्मर फिरवल्यावर बदलत असेल तर त्याला इनपुटपासून लांब न्या. इनपुट शॉर्ट असताना शांतता, पण कॉम्प्युटर जोडताच घरघर, असे झाले तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून लूप तयार झाला आहे. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा, फरक पडला नाही तर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही ग्राउंड न जोडता फक्त सिग्नल पुढे देणारा) वापरा.