मदत किती मिनिटांत येते? रुग्णालयातल्या सुरक्षा-प्रशिक्षणात नव्यानं येणाऱ्यांसाठी

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना सुरक्षितता आणि आक्रमक माणसाला हाताळणं शिकवायच्या कामात मुंबईत साधारण चार दिशांनी माणसं येतात: सिस्टर, निवृत्त फौजी किंवा पोलीस, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेले, आणि सिक्युरिटी एजन्सीतले सुपरवायझर. प्रत्येकाकडे या कामाचा एकेक चतकोर असतो. सिस्टरला वॉर्ड पाठ असतो, पण रात्री गेटवर काय चालतं ते ठाऊक नसतं. फौजीला गेट कळतं, पण वेदनेनं आरडाओरडा करणारा पेशंट आणि भांडायला आलेला नातेवाईक यांतला फरक कळायला वेळ लागतो. उरलेले तीन चतकोर मागून घ्यायला लाजू नका.

काम मिळेल, त्याची काळजी करू नका. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात महिला डॉक्टरवर बलात्कार आणि तिची हत्या झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय कृती दल नेमलं. आता हा विषय कोणतंच प्रशासन बाजूला सारू शकत नाही. पण काम मिळाल्यावर बहुतेक नवे प्रशिक्षक जे करतात ते करू नका. लॅपटॉप उघडून स्लाइड बनवायला बसू नका.

आधी वेळ मोजा, मग शिकवा

या कामातला सगळ्यात मोठा सापळा असा: आपण शिकवतो, ‘शांतपणे बोला, वेळ काढा, मदत बोलवा’. ऐकणारे मान डोलावतात. पण ती मदत किती मिनिटांत येते हे आपल्यालाही माहीत नसतं आणि त्यांनाही नसतं. मग रात्री अडीच वाजता सिस्टर शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर बोलते, दोन मिनिटं बोलते, तीन मिनिटं बोलते, कोणीच येत नाही, आणि चौथ्या मिनिटाला तिच्याकडचे शब्द संपतात. शब्द चुकले नव्हते. ते किती वेळ पुरवायचे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बोलून आग विझतेच असं नाही, बोलून वेळ मिळतो. तो किती लागणार हे आधी माहीत असायला हवं.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. सिक्युरिटी सुपरवायझर आणि रुग्णालयातली पोलीस चौकी यांना सराव असल्याचं कळवा, नेमकी वेळ मात्र वॉर्डाला सांगू नका. दिवसा मोजून उपयोग नाही. दिवसा सगळेच हजर असतात. रात्री २ ते ४ मधली वेळ घ्या. वॉर्डात कोणी अत्यवस्थ असेल तर सराव पुढे ढकला, त्यावर वाद नको. एक माणूस वॉर्डात, दुसरा सिक्युरिटीच्या जागेवर, दोघांच्या मोबाइलची घड्याळं जुळवलेली. सिस्टरनं फोन उचलून ‘सराव आहे’ असं सांगूनच मदत मागायची. पाच क्षणांची वेळ लिहून घ्या: फोन करायचं ठरवलं तो क्षण, पलीकडे फोन उचलला तो, पहिला गार्ड जागेवरून हलला तो, वॉर्डाच्या दारात पोहोचला तो, आणि दुसरा माणूस पोहोचला तो. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण एकटा गार्ड आला की पुष्कळदा तोच मारहाणीचं नवं निमित्त होतो.

काय काय बिघडतं ते आधीच सांगून ठेवतो. भिंतीवर चिकटवलेला इंटरकॉम नंबर जुना असतो. रात्री १० नंतर सिक्युरिटीची खुर्ची दुसऱ्या बिल्डिंगला हलते आणि फोन रिकाम्या टेबलावर वाजत राहतो. लिफ्टमन नसतो, गार्ड चार मजले चढतो आणि दारात येतो तेव्हा त्यालाच बोलता येत नसतं. नातेवाइकांची ये-जा थांबवायला जिन्यातलं चॅनल गेट कुलूपबंद केलेलं असतं आणि किल्ली खालच्या मजल्यावरच्या गार्डकडे असते. वॉकीटॉकीची बॅटरी उतरलेली, तळमजल्याच्या आत रेंज नाही. एजन्सीचं कंत्राट मागच्याच महिन्यात बदललेलं, म्हणजे गार्ड नवा, इमारत अनोळखी. जुन्या रुग्णालयांत आणखी एक भानगड आहे: वॉर्डाला दोन नावं असतात. पाटीवर नवं नाव, कर्मचाऱ्यांच्या तोंडी जुना नंबर. सिस्टर घाईत ‘सतरामध्ये या’ म्हणते आणि नवा गार्ड प्रत्येक मजल्यावर पाट्या वाचत फिरतो.

यातलं बरंचसं चार दिवसांत सुधारता येतं. किल्लीची दुसरी प्रत वॉर्डातल्या ठरलेल्या खिळ्यावर. प्रत्येक फोनवर मोठ्या अक्षरात नंबर, वॉर्डाची दोन्ही नावं आणि मजला. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक कॉल करून फोन उचलला जातो का ते बघणं. ‘हे इंजिनिअरिंग खात्याचं काम, तुम्ही तुमचं ट्रेनिंग घ्या’ असं उत्तर येईल. ऐकून घ्या आणि तरीही करून घ्या. सुधारणेनंतर पुन्हा मोजा. चार मिनिटं निघाली तर तुमचा सगळा अभ्यासक्रम चार मिनिटं पुरेल असा हवा: कोण बोलणार, कोण फोन करणार, कोण शेजारच्या पेशंटांना बाजूला घेणार, कोणतं दार बंद होतं, आतून कडी असलेली खोली कोणती. सात मिनिटं निघाली आणि कमी होत नसतील, तर त्या वॉर्डाला ‘बोलत राहा’ शिकवू नका. ‘वेळीच मागे सरा आणि दार लावा’ हे शिकवा. ही पळपुटेपणाची शिकवण नाही, हे सिस्टरना स्पष्ट शब्दांत सांगा. पेशंटला सोडून जाऊ नये हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की तुम्ही परवानगी दिल्याशिवाय त्या हलत नाहीत.

त्या मिनिटांत काय

बोलणारा एकच. बाकीचे गप्प, पण दिसतील असे उभे. पाच जण एकदम समजावू लागले की समोरच्याला ते अंगावर आल्यासारखं वाटतं. अंतर दोन हातांचं, उभं राहणं थोडं तिरकं, तळवे उघडे आणि दिसतील असे, बाहेर जायचा रस्ता आपल्या पाठीशी. स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिशात. ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी नसेल तर तीही काढायची. ड्रेसिंग ट्रॉली, कात्री, सुटं सलाईन स्टँड, छोटा ऑक्सिजन सिलिंडर मागे ढकलायचं काम मावशी किंवा वॉर्डबॉयकडे, आणि ते त्यांना न सांगता सुचलं पाहिजे इतका सराव हवा.

‘शांत व्हा’ हे वाक्य बाद. ते ऐकून कोणी शांत होत नाही. त्याऐवजी माहिती द्यायची: “दादा, तुमचे वडील आत आहेत. डॉक्टर त्यांच्याजवळच आहेत. दहा मिनिटांनी मी स्वतः बाहेर येऊन सांगते. तुमच्यातलं कोण बोलणार माझ्याशी?” आणि दहा मिनिटांनी खरंच बाहेर यायचं, सांगण्यासारखं काही नसलं तरी. न पाळलेला असा एक शब्द पुढच्या पाळीवर शेकतो. बोलणं समोरच्याच्या भाषेत. वॉर्डात कोणाला भोजपुरी येतं, कोणाला गुजराती, कोणाला कन्नड याची यादी नर्सिंग स्टेशनवर लावून ठेवा. मुंबईत या यादीसारखं स्वस्त आणि उपयोगी साधन दुसरं नाही.

माणूस भडकायच्या बेतात असल्याची लक्षणं ओळखायला ‘स्टॅम्प’ (पाच लक्षणांची इंग्रजी आद्याक्षरं) शिकवा: रोखून बघणं, आवाजाची पट्टी, अस्वस्थपणा, पुटपुटणं, येरझाऱ्या. ऑस्ट्रेलियातल्या आपत्कालीन विभागाच्या निरीक्षणांतून २००७ मध्ये पुढे आलेली ही पद्धत आपल्या कॅज्युअल्टीत चपखल बसते. मनोविकार विभागात ब्रोसेट यादी (हिंसेचा धोका गुणांनी मोजणारी) वापरा: गोंधळलेपण, चिडचिड, दंगा, शाब्दिक धमकी, अंगावर धावून जाण्याची धमकी, वस्तूंची मोडतोड, प्रत्येकी एक गुण. दोनपेक्षा जास्त गुण म्हणजे तयारी आत्ता करायची.

नातेवाईक आणि पेशंट हे दोन वेगळे धडे आहेत, ते कधीही एकत्र शिकवू नका. नातेवाइकाचा राग पुष्कळदा माहितीच्या अभावाचा आणि पैशाचा असतो. पेशंटचा हिंसकपणा कित्येकदा आजाराचाच भाग असतो. साखर उतरलेली, ऑक्सिजन कमी, डोक्याला मार, लघवी तुंबलेली. आणि रोज पिणारा माणूस हाड मोडून दाखल होतो, पहिल्या दिवशी शहाण्यासारखा पडून असतो, दारू सुटल्यापासून ४८ ते ७२ तासांत सलाईन उपटून उठतो. ऑर्थोच्या वॉर्डाला हे आधी सांगितलेलं असलं तर केसपेपरवर दारूचा प्रश्न नीट विचारला जातो आणि औषध वेळेत सुरू होतं. ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर आधी, गार्ड त्यासोबत, हा क्रम पाठ करून घ्या.

धरून ठेवायची वेळ आलीच तर पाच जण: प्रत्येक हातापायाला एक, पाचवा डोक्याशी. तोच पेशंटशी बोलतो आणि श्वास बघतो. पालथं पाडून पाठीवर, छातीवर किंवा मानेवर कधीही भार द्यायचा नाही; श्वास कोंडून माणूस दगावतो. बांधायचं तर डॉक्टरांच्या लेखी आदेशानं, मऊ पट्ट्यानं, दोन बोटं आत जातील इतकं सैल, दर १५ मिनिटांनी हातापायाचा रंग आणि नाडी बघत. मनोरुग्णांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हे आणखी कडक आहे: साखळदंड पूर्ण बंद, बांधणं फक्त तातडीचा धोका टाळण्यासाठी आणि दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, प्रत्येक वेळेची नोंद, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीनं निर्णयात मदत करायला नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवणं.

शॉर्टकट, गुरू आणि हॉलमधली माणसं

प्रशासन ‘सेल्फ डिफेन्सचा एक तास घ्या’ म्हणेल. माझं मत ठाम आहे: मनगट, केस आणि गळ्याशी धरलेला कपडा सोडवणं, एवढ्या तीनच गोष्टी शिकवा, दर तीन महिन्यांनी अर्धा तास घोटून घ्या, आणि तिथेच थांबा. एका दुपारी शिकलेले डाव हातात राहत नाहीत. फाजील विश्वास मात्र राहतो. मारहाणीचे सीसीटीव्ही व्हिडिओ दाखवणं हाही आळशी शॉर्टकट आहे. बसलेल्यांपैकी कोणीतरी तसाच मार खाल्लेला असतो.

दोन दिवसांचं प्रमाणपत्र घेतलं म्हणजे तुम्ही प्रशिक्षक झालात असं समजू नका. खरे गुरू नाईट सुपर (रात्रपाळीच्या प्रमुख सिस्टर), कॅज्युअल्टीतला जुना वॉर्डबॉय आणि समाजसेवा विभागातली बाई. भडकलेल्या गर्दीत नेमकं कोणाशी बोलायचं हे त्यांना नजरेनं कळतं. त्यांच्या पाळीला जाऊन बसा.

बॅच १५ ते २० जणांची, आणि मिश्र. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, गार्ड, केसपेपरचा क्लार्क एकत्र बसले तरच रात्री एकत्र हलतात. खाजगी एजन्सीच्या गार्डला कायद्यानं १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण हवं, पण तो अभ्यासक्रम बँक, सोसायटी, कारखाना सगळ्यांसाठी एकच आहे. वॉर्डात आवाज चढवायचा नाही, काठी पुढे करायची नाही, सिस्टर बोलत असताना मध्ये पडायचं नाही, हे त्याला तुम्हीच शिकवायचं. रेसिडेंट हॉलमध्ये येणार नाहीत. रागावू नका, ते झोपेला मोताद असतात. पाळी बदलताना वॉर्डात जाऊन २० मिनिटं घ्या. रोल प्लेमध्ये नातेवाइकाची भूमिका मावशी आणि गार्डना द्या. रोज ऐकलेलं ते हुबेहूब बोलतात. ‘थांबा’ म्हटलं की सगळं थांबलं पाहिजे, आणि ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला कारण विचारायचं नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात उरका, पण चुकवू नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तीवरची हिंसा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि फोडलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. तक्रार संस्थेनं करायची, मार खाल्लेल्या सिस्टरला एकटीला चौकीत पाठवायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं आपल्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना घटनेनंतर ६ तासांत संस्थेतर्फे एफआयआर करायला सांगितलं; हीच मुदत तुमच्या रुग्णालयानं पाळावी असा आग्रह धरा. जखमेची एमएलसी (पोलिसांच्या कामाची वैद्यकीय नोंद) त्याच पाळीत, सीसीटीव्हीची प्रत त्याच दिवशी लेखी मागायची, कारण रेकॉर्डिंगवर काही दिवसांनी नवं रेकॉर्डिंग चढतं. आणि दुसरी बाजूही शिकवा: बिलासाठी मृतदेह अडवू नये हे रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. बिल काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसेल तर तिथली भांडणं तुमचं कुठलंही प्रशिक्षण थांबवणार नाही.

एक गोष्ट नव्या माणसाला फार खचवते. तुम्ही शिकवलेल्या वॉर्डात मारहाण होते आणि वाटतं, सगळं फुकट गेलं. तसं नसतं. पहिल्या मिनिटाला फोन गेला का, दुसरा माणूस वेळेत पोहोचला का, मार एकीलाच बसला की तिघींना, हे बघा. त्या सिस्टरला उरलेली रात्र त्याच वॉर्डात ठेवू नका, घरी सोडायला गाडी मागा, दुसऱ्या दिवशी फोन करा. ‘तू असं बोलायला नको होतंस’ हे त्या आठवड्यात कोणी तिला म्हणणार नाही याची जबाबदारी मेट्रनकडे द्या.

आणि प्रशासनाला सुरुवातीलाच लेखी कळवून ठेवा की प्रशिक्षणानंतर पहिले काही महिने नोंदी वाढतील. आधी शिवीगाळ, ढकलाढकली कोणी लिहीतच नव्हतं, आता लिहितील. हे आधी कळवलं नसेल तर वाढलेला आकडा तुमच्यावरच येतो आणि कंत्राट तिथेच संपतं. नोंदवहीत तारीख, वेळ, वॉर्ड, पेशंट की नातेवाईक, कशावरून सुरू झालं, फोन केव्हा केला, मदत केव्हा आली, एवढेच रकाने ठेवा. जास्त रकाने असले की रात्रपाळीत ती वही कोणी उघडत नाही.