शुगर निघाली, मग पोह्यांचा हिशोब लागला

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ७.८ आला, गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी घरी शुगर मोजायचा ग्लुकोमीटर घ्यायला लावला. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी टोचायचं, बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं, आणि आधी साबणाने हात धुवायचे कारण आंबा कापून तसंच टोचलं तर आकडा उगाच चढतो. मला टार्गेट दिलंय जेवणानंतर १८०च्या आत. सगळे भाताला नावं ठेवतात, पण माझे तर नाश्त्याचे पोहे २१०ला गेले! आता पोहे अर्धी वाटी आणि वर मटकीची उसळ भरपूर, की १६०च्या आसपास राहते. नाचणीची भाकरी शुगरवाल्यांची म्हणून चार-चार खाणारे आहेत, अहो तेही पीठच ना. रात्री जेवून तलावपाळीला फेरी, वडापावकडे बघतो, घेत नाही. आणि ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची, म्हणजे रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांची, डबी घट्ट लावा, ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत स्ट्रिपा खराब होतात.